ट्यूटरच्या कानाला आपली सवय झाली की शिकणं थांबतं?

पाचवीची_एबीसीडी
मी २००० च्या आधीचा. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून आलं ते नंतर. वाचता येतं, मेल लिहितो, पण फोन लागला की त त प प. म्हणून आठ महिने आठवड्यातून तीनदा, अर्धा तास ट्यूटरबाईंशी ऑनलाइन इंग्रजीत गप्पा. अर्ध्या तासाचे ४०० रुपये. सुरुवातीला बाई मिनिटामिनिटाला अडवायच्या. आता अडवतच नाहीत. मी खूश! परवा कंपनीच्या कॉलवर ग्लासगोच्या माणसाने माझा 'व्हेंडर' तीनदा विचारून घेतला. माझं सुधारलेलं नाही, बाई सरावल्यात. गप्पांचे तास म्हणजे पैसे मोजून केलेली मैत्री. तीन महिन्यांनी ट्यूटर बदला, नाहीतर बंद करा.

निशिगंध
साफ अमान्य. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही त्या कॉलवर तोंड उघडलं असतं का? माझा पहिला ट्यूटर वाक्यावाक्याला टोकायचा, दोन आठवड्यांत मी तास बुडवायला कारणं शोधू लागले. आताच्या बाई बोलू देतात. मी 'आय डिडन्ट वेन्ट' म्हटलं की सहज विचारतात, 'ओह, यू डिडन्ट गो?' आणि पुढे जातात. शिकवलं, पण मनाला लागलं नाही.

पाचवीची_एबीसीडी
तेच तर! मला वाटतं तुमच्या बाई माझ्याच म्हणण्याला दुजोरा देतायत. पुढच्या वाक्यात तुमचं पुन्हा 'डिडन्ट वेन्ट'.

खडू_फळा
निवृत्त शिक्षक आहे, म्हणून लांबण लावतो. 'व्हॅन' आणि 'वॉटर' आपण लिहितो वेगळं, म्हणतो एकाच व ने. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घासता आवाज, दुसऱ्याला ओठांचा चंबू, दात कुठेच नाहीत. तुमचा व्हेंडर इथेच अडकला असणार. दुसरं म्हणजे जोर. आपण मराठीत अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एकावर आघात, बाकीची गिळायची. 'डेव्हलप'मध्ये आपण डे वर आपटतो, जोर व्हे वर हवा. 'हॉटेल'मध्ये टे वर. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा आणि रोज आरशासमोर दहा मिनिटं बोला. ४०० रुपयांत वह्यांचा गठ्ठा येतो.

निशिगंध
सर, आरशासमोर माझंही सगळं बरोबर येतं. समोर माणूस आला की दात ओठाला शिवत नाहीत.

रात्रपाळी
मी नर्स. ब्रिटनसाठी ओईटी दिली, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागात प्रत्येकी साधारण ५ मिनिटांचे दोन प्रसंग असतात, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो. शब्दांच्या याद्या पाठ करून गेले असते तर आपटले असते. 'पोट साफ झालं का?' हे तिथे 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स?' असं विचारतात, हे मला कुठल्या यादीने सांगायचं? ट्यूटर वैद्यकीय नव्हता, बिचारा. पण मी त्याला चिडका म्हातारा व्हायला लावायचे, इंजेक्शन नको म्हणून अडून बसायचा. विषय तुम्ही नेला नाहीत तर हवापाण्याच्याच गप्पा होणार. त्यात बाईंचा काय दोष?

खडू_फळा
हे पटलं. वही मात्र सोडू नका.

पाचवीची_एबीसीडी
रात्रपाळीताई, मीच विषय न्यायचा, चिडका म्हाताराही मीच ठरवायचा, मग ४०० कशाचे? तरी एक करून बघतो. शंभर ऑर्डर-नंबर आणि व्हेंडरांची नावं वाचून दाखवतो, बाईंनी अंदाज न लावता, ऐकू येईल तेवढंच लिहायचं.

निशिगंध
म्हणजे बाई बदलत नाही आहात तर.

पाचवीची_एबीसीडी
या महिन्याचे पैसे भरून झालेत हो.