पाणी वाढायला लागलं की अण्णा गोठा सोडत नाहीत, त्यांना वेळेत बाहेर कसं काढू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाव पलूस तालुक्यात, नदीला लागूनच. मी नोकरीला पुण्यात, घरी आई, अण्णा आणि तीन म्हशी. २०१९ ला सगळे सांगत होते बाहेर पडा म्हणून, पण अण्णांचं एकच, २००५ ला पाणी आपल्या दुसऱ्या पायरीला टेकून माघारी गेलं, त्याच्या वर येत नसतंय. पण २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात छातीएवढं पाणी. स्लॅबवर जायच्या आधी अण्णांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन विळ्यानं तेव्हाच्या दोन्ही म्हशींची दावी कापली. एक पोहत माळाला लागली, चौथ्या दिवशी सापडली. दुसरी गाभण होती, ती गेली. आई-अण्णा दोन रात्री स्लॅबवर होते, मग बोट आली. त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यामुळं आई त्या बोटीत डोळे मिटूनच बसली होती म्हणे.

पुढं पंचनामा झाला, मदत मिळाली, घर उभं राहिलं, नव्या म्हशी आल्या, बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत वाटतं. पण ते कापलेलं दावं अजून गोठ्यात खुंटीला आहे, अण्णा कुणाला हात लावू देत नाहीत. जुलै लागला की आई रात्री तीन-तीनदा उठून दाराबाहेर बॅटरी मारून बघते. कागदपत्रं, पासबुक, गोळ्या सगळं पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवते, ती पिशवी दिवाळीपर्यंत बाहेर येत नाही. आणि अण्णा पाणी वाढायला लागलं की गोठ्यात जाऊन बसतात, बोलत नाहीत, जेवत नाहीत. २०२१ ला पण शेवटच्या ट्रॅक्टरमधून निघाले, ते पण मी फोनवर रडलो तेव्हा.

त्यांना कसं समजवू? ओरडून झालं, शपथा घालून झाल्या. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का, हा वाद कृपया इथं नको, तो महत्त्वाचा आहेच पण माझा प्रश्न घरातला आहे.)

वाडीकर_ताई
दादा, मी शिरोळ तालुक्यातली, कृष्णा-पंचगंगा संगमाजवळची. आमच्याकडं पाणी देवळातून वाहिलं की दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक स्नानाला येतात, म्हणजे पुराशी आमची लहानपणापासून ओळख, आणि ही ओळखच घात करते. नदी आपल्याला माहितीय असं वाटतं. त्यात आपल्याकडं पाणी हळूहळू चढतं, दिवसभर बघत बसता येतं, मग माणूस म्हणतो अजून एक पायरी बघू.

माझे सासरे असेच. त्यांना "तुम्ही बाहेर पडा" म्हटलं की ते ऐकायचे "जनावरं सोडून पळा". ज्या माणसानं पहाटे चारला उठून आयुष्यभर धारा काढल्या त्याला हे सांगणं म्हणजे पोरं टाकून चल म्हटल्यासारखं आहे. मग आम्ही बोलणंच उलटं केलं. मे महिन्यात, रान कोरडं असताना, माळावरच्या पाव्हण्यांकडं जाऊन दावणीला जागा ठरवली, वैरण आधीच टाकून ठेवली, टेम्पोवाल्याशी बोललो आणि सासऱ्यांना म्हटलं जनावरं तुमच्या ताब्यात, पहिल्या खेपेला तुम्हीच जायचं. आता ते आमच्या आधी निघतात. जनावरं गेली की माणूस मागं राहत नाही, हे मी चार घरांत बघितलंय.

आणि आकडा आधीच ठरवा. आयर्विनला ४० फूट इशारा, ४५ धोका. तुमचं घर खोलात असंल तर ४० ची वाट पण बघू नका. ३५ ला जनावरं हलणार म्हणजे हलणार, त्या दिवशी चर्चा नाही. पाणी दारात असताना कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसतं.

वाशिष्ठीकाठी
ताईंचं शंभर टक्के बरोबर. माझं दुकान चिपळूणला बाजारपेठेत. आमच्याकडंही हाच २००५ चा हिशोब होता, २६ जुलैचं पाणी जिथवर आलं त्याच्या वर फळी मारून माल ठेवलेला. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी त्या फळीच्या वर गेलं, आणि आमची नदी तुमच्यासारखा वेळ देत नाही. जुनी खूण बघून माणूस निर्धास्त होतो, म्हणून मी भिंतीवरची ती रेघ आता रंगवून टाकलीय.

एक सांगतो, तुम्ही बाबांना ओरडू नका. चिखल काढताना दिवसभर मी ठीक होतो, दहा लोक बरोबर, कुणी जेवण आणून देतंय. खरा त्रास नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, जेव्हा सगळे आपापल्या कामाला लागले आणि मी शटर उघडून रिकाम्या कपाटांसमोर बसायचो. तेव्हा शेजारचा दुकानदार रोज चहा घेऊन यायचा, काही न बोलता बसायचा. मी सावरलो ते त्याच्यामुळं. तुमच्या अण्णांना गेलेल्या म्हशीबद्दल कुणी विचारलंय का कधी? का सगळे भरपाई किती मिळाली तेवढंच विचारतात?

औसेकर
मी किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीची माळवदाची घरं अंगावर आली. नंतर गावं नव्या जागी बसवली, रुंद रस्ते, पक्की घरं. पण आमची आजी त्या पक्क्या घरात शेवटपर्यंत झोपली नाही, अंगणात बाज टाकायची, थंडीत पण. आम्ही पोरं आधी समजवायचो की आजी हे घर पडत नाही. नंतर वडिलांनी अंगणात तिच्या बाजेवर पत्र्याचं छप्पर घातलं आणि विषय बंद केला. छप्पर झाल्यावर ती पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलली. अजून आमच्या घरी विसर्जनाच्या रात्री चार वाजेपर्यंत कुणीतरी जागं असतंच.

तेव्हा तुमच्या आईला "आता काही होत नाही, झोप" असं म्हणू नका, तिनं बघितलंय की होतं. त्यापेक्षा रात्रीची वेळ वाटून घ्या, बारा ते तीन मी पुण्यातून पाणीपातळी बघतो, वाढली तर फोन करतो, तू झोप. आणि खाणं सुटत असेल, वर्षभर झोप नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. लाज नको.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस लिहायला जमलं नाही कारण गावी गेलो होतो. जेवणानंतर गोठ्यात अण्णांजवळ बसलो आणि विचारलं, ती गेलेली म्हैस कशी होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाले पंढरपुरी होती, शिंगं पार पाठीपर्यंत, दुसऱ्या कुणाला धार देत नव्हती. म्हणाले मी दावं कापायला उशीर केला, म्हणून गेली. सहा वर्षं हे एकटेच घेऊन बसले होते आणि मी ओरडत होतो पातळीचे आकडे सांगून.

आईला रात्रीच्या पाळीचं सांगितलं तर म्हणाली तू झोपशील मग पहाटे, म्हणून पुण्यातल्या चुलतभावाला पण घेतलंय.

आत्याचं गाव उंचावर आहे, तिच्याकडं म्हशी न्यायचं बोललो. अण्णा हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण. सकाळी मी निघताना एवढंच विचारलं, "आक्काच्या दावणीला तीन खुंट्या हायत का, का मारून याव्या लागतील?"

रविवारी दोघं मिळून खुंट्या मारायला जातोय.