अहलातच्या कबरींवरचं कोरीवकाम नक्की कुणाचं?

वाटसरू: पूर्व तुर्कस्तानात वान सरोवराच्या काठी अहलात आहे, तिथलं सेल्जुक या तुर्की राजवटीच्या काळातलं कब्रस्तान पन्नासेक एकरांवर पसरलंय. आठ हजारांवर कबरी, बहुतेक १२व्या ते १५व्या शतकातल्या, आणि काही उभ्या शिळा तर माणसापेक्षा कितीतरी उंच. तुर्की लिखाणात यांच्याबद्दल कायम एकच सूर ऐकू येतो, की या मंगोलियातल्या ८व्या शतकातल्या ओरखोन शिलालेखांच्या, म्हणजे जुन्या तुर्की भाषेतल्या कोरीव शिळांच्या, वारसदार. मला हे अजिबात पटत नाही. नासिर खुसरो हा फारसी प्रवासी १०४६ साली इथून गेला आणि त्याने लिहून ठेवलंय की या शहरात अरबी, फारसी आणि आर्मेनियन अशा तीन भाषा बोलतात. म्हणजे तुर्कांना या भागात वाट मोकळी करून देणाऱ्या मांझिकर्टच्या लढाईच्या पंचवीस वर्षं आधी. आर्मेनियन पाथरवट तर ९व्या शतकापासून खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेल्या उभ्या शिळा, घडवत आलेत. ठेवण बघा ना, तीच उंच सपाट शिळा, तीच वेलबुट्टीची दाट किनार, फक्त क्रूसाच्या जागी तारकांची जाळी नि टांगलेला दिवा. हे शेजारी बघून आलेलं आहे, मंगोलियातून नाही.

गडकरी_नाही_गडप्रेमी: साम्य दिसलं की लगेच मालकी बदलायची का? मजकूर अरबीत, पुरलेली माणसं काजी, शेख, अमीर, मग आर्मेनियन कुठून आलं मधेच? आणि काही शिळांच्या माथ्यावर ड्रॅगनची जोडी आहे त्याचं काय करणार? ती मध्य आशियातूनच आलेली. आधी सगळं तुर्कांचं म्हणायचे, आता तुम्ही सगळं आर्मेनियन म्हणताय, फरक काय राहिला?

वाटसरू: सगळं आर्मेनियन असं मी कुठे म्हटलं दादा? आणि ड्रॅगन त्या काळात सगळीकडे होते हो, बगदादच्या तिलिस्म दरवाजावर १२२१ मध्ये दोन ड्रॅगन कोरले होते, ते काय तुर्की कब्रस्तान होतं का? तो दरवाजा खलिफाने बांधलेला.

शिल्पवेडी: तुम्ही दोघंही कुठल्या जमातीचं यावर भांडताय आणि ज्याने छिन्नी चालवली त्याचं नावच कोणी घेत नाहीये. अहलातच्या बऱ्याच शिळांवर घडवणाऱ्याची सही आहे! आणि हे लोक नुसते गावात बसून नव्हते, तुर्कस्तानातल्याच दिव्रिई गावची मशीद आणि दवाखाना, १२२८-२९ सालचं काम, त्याचा मुख्य स्थपती हुर्रमशाह अहलातचाच, आणि त्याच मशिदीच्या लाकडी मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, सही आहे ती तिफलिसच्या (आजच्या जॉर्जियातलं तिबिलिसी) अहमदची. म्हणजे एकाच इमारतीवर अहलात पण आणि तिफलिस पण. काम मिळेल तिथे जायचे, जे डोळ्यांना आवडलं ते हातात उतरायचं. मला तर वाटतं प्रत्येक शिळेपाशी मृताच्या नावाबरोबर कारागिराचं नाव ठळक लावावं, मग ओरखोन की खाचकार ते खाली बारीक अक्षरात लिहा हवं तर.

गडकरी_नाही_गडप्रेमी: ताई, सहीवरून नाव कळतं, परंपरा नाही कळत. कारागीर मुसलमान नावाचा असला तर तो कुणाकडे शिकला ते कसं सांगणार?

शिल्पवेडी: नाही सांगता येणार, मान्य. पण मग ओरखोन पण सांगता येत नाही ना, मधली पाचशे वर्षं आणि हजारो किलोमीटर कशाने भरणार?

दगड_माती: वंशावळ नंतर लावा, आधी शिळा टिकवा. तिथला दगड नेमरूत ज्वालामुखीचा, सच्छिद्र, खाणीतून काढताना मऊ म्हणून तर इतकं बारीक कोरता आलं. त्याच छिद्रांत पाणी शिरतं, १,६०० मीटरवर हिवाळ्यात ते गोठून फुगतं आणि पापुद्रा सुटतो. वरून दगडफूल, गोडा मसाल्यात पडतं ना त्याच जातकुळीचं, पिवळं-करडं, अक्षरांच्या खाचांत चिकटून बसतं.

वाटसरू: म्हणून घासून काढायचं का मग? ब्रश मारला की दगडफुलाबरोबर नक्षीची कडा पण जाते. हात लावू नये असं माझं मत.

दगड_माती: कोरडा ब्रश कोण म्हणतंय? आधी जैवनाशक मारून मरू द्यायचं, मग हळू सोडवायचं, आणि तेही सरसकट नाही. काहीच न करणं हा पण निर्णयच आहे, पापुद्रे सुटतातच आहेत. युनेस्कोने २०२२ मध्ये अहलातची पाथरवटकला तातडीने जपायच्या यादीत टाकली ती याच भीतीने, शिकणारी पोरंच उरली नाहीत तर दुरुस्ती करणार कोण?

शिल्पवेडी: हे मात्र शंभर टक्के. कब्रस्तान २००० पासून जागतिक वारशाच्या नुसत्या संभाव्य यादीत आहे. तिथे रोजंदारीवर चार जवान पाथरवट ठेवले तरी मला चालेल, ते कुठल्या परंपरेचे हे मी विचारणार नाही.