झायरिस: गवतासारखी, पिवळ्या फुलांची पाणथळ वनस्पती. जातीपर्यंत ओळख कशी पटवायची? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पाणकणीस

ओलसर, वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमिनीवर झुपक्यांनी वाढणारी वनस्पती आहे. पाने सगळी बुडाशी, १० ते १५ सेंमी लांब आणि जेमतेम २ मिमी रुंद. मधून निघालेला फुलदांडा साधारण २५ सेंमी, त्यावर एकही पान नाही. टोकाला ६ ते ७ मिमीचे अंडाकृती तपकिरी कणिश (फुलांचा घट्ट तुरा). त्यातून एका वेळी एकच पिवळे फूल बाहेर येते, पाकळ्या तीन, आणि ते दुपारपर्यंत मिटून मलूल होते.

प्रजाती (genus, म्हणजे जातींचा गट) झायरिस असावी असे धरले आहे, पण तिच्या पुस्तकी वर्णनाशी ताडून पाहताना तीन ठिकाणी अडते:

१. वर्णनात निदल (कळीला बाहेरून झाकणारी दले) तीन म्हणतात. उमललेल्या फुलाला दोनच दिसतात.
२. पाकळ्यांसमोर तीन पुंकेसर आहेत, पण त्यांच्या अधेमधे आणखी तीन केसाळ अवयव आहेत. एकूण सहा धरायचे का? सहा धरले तर ओळख भलत्याच कुलात जाते.
३. फूल एवढे अल्पायुषी असेल तर जात ठरवायला नेमके काय बघायचे आणि नमुना कसा घ्यायचा?

भिंग_दहापट

पहिल्या दोन्ही शंकांचे उत्तर फूल *उमलण्याआधी* सापडते.

झायरिसला निदल तीनच असतात, पण ते सारखे नसतात. बाजूचे दोन चामट, होडीच्या आकाराचे, पाठीवर कणा असलेले. ते छदाच्या (प्रत्येक फुलाला बाहेरून झाकणाऱ्या खवल्यासारख्या पानाच्या) आड राहतात आणि फळ पिकेपर्यंत टिकतात. तिसरा अगदी पातळ, पारदर्शक, कळीतल्या पाकळ्यांना वरून झाकणारा. पाकळ्या पसरू लागल्या की तो ढकलला जाऊन गळून पडतो. म्हणजे उमललेल्या फुलात तिसरा निदल शोधणे व्यर्थ आहे. छदाच्या टोकाशी पिवळी कड नुकती डोकावू लागलेली कळी निवडा, छद बुडाशी ब्लेडने कापून बाजूला करा आणि कळी ओल्या काचपट्टीवर ठेवून सुईने उघडा. तो पातळ निदल मिळेल.

सहा पुंकेसर धरू नका. पराग तयार करणारे तीनच, ते पाकळ्यांसमोर आणि पाकळीच्या देठाला चिकटलेले. मधले तीन वंध्य पुंकेसर: टोकाला दुभंगलेले, आणि त्यावर मण्यांच्या माळेसारख्या पेशींचे लांब केस. परागकोश (परागाची पिशवी) नाही म्हणजे तो पुंकेसर मोजायचा नाही. या फुलांत मकरंद नसतो, कीटकांना मिळतो तो परागच, म्हणून भेट देणाऱ्यांत पराग गोळा करणाऱ्या मधमाश्या प्रमुख. केसांच्या झुबक्यांवर पराग अडकून राहतो, आणि भिंगाखाली पिवळी पूड चिकटलेली दिसली की तो परागकोशच वाटतो. मोजण्यात घोटाळा होतो तो इथेच. काही जातींत हे केस अगदी तोकडे किंवा नसतातही, तेव्हा 'केस नाहीत, म्हणजे झायरिस नाही' असा उलटा निष्कर्षही काढू नये.

अंडाशयही पाहून घ्या. तो ऊर्ध्वस्थ असतो, म्हणजे पाकळ्या त्याच्या खालून निघतात. कुक्षीवृंत (अंडाशयावरची बारीक दांडी) एकच, वर तीन फाटे. फळ छोटे बोंड, तीन भागांत उकलणारे, आत पुष्कळ सूक्ष्म बिया.

तृणपाती

वरच्या उत्तराला पुरवणी म्हणून पानांबद्दल, कारण फूल नसताना हाती तेवढेच असते.

झायरिसची पाने दोन रांगांत, पंख्यासारखी एका पातळीत. पण गवताची पानेही दोन रांगांतच असतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावू नका. फरक पात्यात आहे. गवताच्या पात्याला वरची आणि खालची अशा दोन वेगळ्या बाजू असतात. झायरिसचे पाते तलवारीसारखे, दोन्ही अंगांनी सारखे, आणि त्याची *कड* फुलदांड्याकडे वळलेली असते. बुडाशी आतल्या पानाला बाहेरचे पान दुमडून कवेत घेते. नखाने एक पान सोलून काढले की हे लगेच समजते. जिव्हिकेवर (पात्याच्या बुडाशी असलेल्या पातळ पडद्यावर) मात्र विसंबू नका, झायरिसच्या काही जातींतही ती असते.

लव्हाळ्याची पाने तीन रांगांत, आवरक (पानाचे दांड्याला वेढणारे बूड) बंद नळीसारखा आणि दांडा बहुधा त्रिकोणी. झायरिसचा आवरक उघडा असतो.

पिवळ्या फुलामुळे गल्लत होणारे गडी हे:

हायपॉक्सिस: सहा परिदले (निदल-पाकळ्या असा भेद नसलेली दले), सहा खरे पुंकेसर, अंडाशय अधःस्थ (फुलाच्या खाली), पानांवर लांब केस. कणिश नाहीच.

सिसिरिंकियम, पिवळ्या फुलांच्या जाती: हा खरा फसवा, कारण आयरिसच्या कुलातला असल्याने पाने अशीच तलवारीसारखी आणि पंख्यात. पुंकेसरही तीनच. पण परिदले सहा आणि अंडाशय फुलाच्या खाली.

पिवळी युट्रिक्युलारिया: त्याच चिखलात, त्याच उंचीवर, दुरून अगदी तसाच ठिपका. जवळून पाहिले की फूल दोन ओठांचे आणि मागे शुंडिका, म्हणजे पोकळ शेपटी.

गेंद (एरिओकॉलॉन): शेजारी हमखास असतो, पण त्याची गोल मुंडकी पांढुरकी, फुले एकलिंगी आणि बारीक.

कुलांच्या पातळीवर सांगायचे तर गवत, लव्हाळे, गेंद आणि झायरिस हे सगळे पोएलीज या एकाच गणातले. म्हणून साम्य वरवरचे असले तरी नाते अगदीच दूरचे नाही.

पाणकणीस

धन्यवाद. कळी उघडून पाहिली, तिसरा निदल मिळाला. वंध्य पुंकेसर दुभंगलेले आहेत. अंडाशय वर आहे. प्रजाती पक्की.

पुढचे निरीक्षण: पानांवरून बोट फिरवले की खरखर लागते, भिंगाखाली बारीक उंचवटे दिसतात. दांडा जवळजवळ गोल. छदांच्या पाठीवर टोकाजवळ करड्या-हिरव्या रंगाचा त्रिकोणी डाग आहे. हा डाग रोगाचा की वैशिष्ट्याचा?

भिंग_दहापट

वैशिष्ट्याचा, आणि फार कामाचा. छदाचा बाकीचा भाग कोरडा, तपकिरी, चकचकीत; मधला हा पट्टा हिरवट राहतो. तो आहे की नाही, असल्यास त्रिकोणी की लांबट, टोकापर्यंत पोचतो की अलीकडे थांबतो, हे सगळे नोंदवा. कणिशाच्या तळाचे छद मात्र वगळा. ते वांझ असतात, त्यांच्या आड फूल नसते, आकारही वेगळा. तुलना नेहमी मधल्या छदांची करायची.

तुमचे वर्णन झायरिस पॉसिफ्लोराकडे बोट दाखवते: पान खरखरीत, कणिश लहान आणि थोड्या फुलांचे, छदावर करडा-हिरवा डाग. झायरिस इंडिका त्यापेक्षा दणकट असते, कणिश बरेच मोठे, दांड्यावर ठळक उभ्या शिरा आणि छदावर असा डाग नाही. झायरिस कॉम्प्लॅनाटाचा दांडा चपटा आणि कडा खरखरीत. दांडा कणिशाच्या लगेच खाली आणि बुडाजवळ असा दोन ठिकाणी आडवा कापून पाहा, एकाच दांड्याचा आकार दोन्हीकडे वेगळा निघू शकतो.

पण शिक्कामोर्तब करण्याआधी दोन गोष्टी बाकी आहेत.

एक, बाजूच्या निदलाचा कणा. तो सलग गुळगुळीत आहे, दातेरी आहे, फाटल्यासारखा आहे की केसाळ, यावर कितीतरी जाती वेगळ्या होतात. यासाठी ताजे फूल लागत नाही. फूल होऊन गेलेल्या छदाआड हे दोन्ही निदल बोंडाला कवटाळून बसलेले असतात. आख्खा छद बोंडासकट काढा, १० पट भिंगाखाली निदल आडवा धरा, कणा प्रकाशाविरुद्ध बघा. ओढून काढला तर कण्याची झालर फाटते आणि मग 'फाटलेला कणा' हे लक्षण तुम्हीच तयार केलेले असते.

दोन, बी. बहुतेक जातींचे बी १ मिमीच्या आतले, त्यावर उभ्या रेषा. पक्व बी कणिशाच्या खालच्या भागात मिळते, कारण फुले खालून वर उमलत जातात. ४० पट वर्धनाखाली लांबी, पारदर्शक की पिठूळ, आणि रेषा किती ठळक, हे लिहून ठेवा. कच्च्या बियांवर रेषा नीट उठत नाहीत.

नुसत्या फुलाच्या फोटोवरून जात सांगण्याचा आग्रह कोणी धरला तर सरळ नाही म्हणा. पिवळ्या तीन पाकळ्या या प्रजातीतल्या शेकडो जातींना आहेत.

ओलीमाती

नमुन्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून.

वरून खुडू नका, बुडासकट उचला. बूड फुगलेले की सडपातळ, जुन्या आवरकांचा रंग काय, वनस्पती एकवर्षायू की बहुवर्षायू, हे सगळे तिथेच कळते. चिखल पाण्यात हलवून काढा, घासू नका, नाहीतर जुने आवरक निघून जातात. झुपका मोठा असेल तर त्यातला एक फुटवा पुरे, बाकी तसाच राहू द्या.

पाकळ्या दाबल्या की त्यांचा लगदा होतो. दोन-तीन कणिशे ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत वेगळी ठेवा, बाकी नमुना टीपकागदात दाबा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला. अल्कोहोलमध्ये पिवळा रंग उतरतो, तेव्हा रंग आणि उमलण्याची वेळ जागेवरच लिहायची. काही जाती सकाळी उमलतात, काही उशिरा, म्हणून वेळेची नोंद वायफळ नाही. जुना वाळलेला नमुना उघडायचा असेल तर कणिश गरम पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून छद लवचीक होईपर्यंत भिजवा.

बी लावायचे असेल तर: पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि धुतलेली वाळू समसमान, कुंडी २ ते ३ सेंमी पाण्याच्या ताटलीत, पाणी पावसाचे किंवा क्षारविरहित. बी पृष्ठभागावरच भुरभुरायचे, त्याला उगवायला उजेड लागतो. मातीने झाकले की संपले. खत अजिबात नको. खताने रोपाआधी शेवाळ वाढते आणि एवढ्याशा अंकुराला गुदमरवून टाकते. क्षारयुक्त पाण्यात पाने टोकाकडून तपकिरी होत जातात, हे दिसले तर आधी पाणी बदला.

तृणपाती

खताच्या मुद्द्याला दुजोरा. हीच गोष्ट रानातही लागू आहे. पोषकद्रव्ये वाढली की उंच गवते आणि लव्हाळे सावली करतात, आणि झायरिसला पूर्ण ऊन लागते. त्यामुळे ती जागेवरून दिसेनाशी झाली तर पाण्याची पातळी तपासण्याबरोबर आजूबाजूची वाढ गुडघ्याच्या वर गेली आहे का, तेही बघा.

पाणकणीस

निदलाचा कणा बारीक दातेरी निघाला, केस नाहीत. बी अजून कच्चे आहे, पांढरे आणि मऊ. तूर्त नमुन्यावर 'झायरिस, पॉसिफ्लोराशी जुळती' एवढेच लिहिले आहे. खालच्या छदांआडची बोंडे उकलू लागली की बियांची मापे इथेच टाकतो.