शोकांतिका की शोकात्मिका?

रंगपट: 'ट्रॅजेडी'साठी शोकांतिका आणि शोकात्मिका हे दोन्ही शब्द दिसतात. अर्थ एकच का? आणि अपघाताच्या बातमीत 'शोकांतिका' लिहिलेलं चालतं का?

दौत: एकच नाही, आणि हा फरक जपायला हवा. 'शोकांतिके'त शोकाची जागा ठरलेली आहे: शेवट. 'शोकात्मिके'त शोक हा नाटकाचा आत्मा, शेवट काहीही असो. ग्रीक नाटकं पाहिली की दुसराच शब्द टिकतो. एस्किलसची 'ओरेस्टिया' (इ.स.पू. 458) ही तीन नाटकांची मालिका संपते ती अथेन्सच्या न्यायसभेत. मतं समसमान पडतात, आईला मारणारा ओरेस्टिस सुटतो आणि सूडदेवता शांत होतात. यात 'शोकांत' कुठे आहे?

युरिपिडीसचं टॉरिसमधल्या इफिजेनियाचं नाटक तर याहून बोलकं आहे. परक्या देशात पुजारीण झालेली इफिजेनिया नकळत सख्ख्या भावाच्याच बळीची तयारी करते. त्याच्या मित्राजवळ ती घरी पाठवायचं पत्र देते. पण जहाज फुटून पत्र बुडालं तर निरोप तरी पोचावा, म्हणून मजकूर तोंडी सांगते. तो ऐकताना भावाला बहीण सापडते आणि बळी टळतो. ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स'च्या चौदाव्या प्रकरणात अशी वेळेवर पटलेली ओळख सर्वांत उत्तम ठरवतो. (आदल्याच प्रकरणात मात्र त्याने दुर्दैवी शेवटाला पसंती दिली आहे. ही विसंगती कशी सोडवायची यावर अभ्यासक अजून भांडतात.)

बातमीतल्या अपघाताला 'दुर्घटना' पुरे. 'खरी शोकांतिका पुढेच आहे' हा वाक्प्रचार मात्र भाषेत रुळलाय, तो राहू द्या. नाटकाबद्दल लिहिताना शोकात्मिका.

रंगपट: मग सरळ 'करुण नाटक' का म्हणू नये?

पिंपळपान: गल्लत होईल. 'उत्तररामचरित' करुणरसाचं, पण ते ट्रॅजेडी नव्हे. शेवटी राम-सीतेची भेट होते म्हणून नव्हे, तर तिथे नायकाच्या हातून घडलेल्या चुकीची गाठ कथानकाला घट्ट आवळत जात नाही म्हणून. उलट भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, तेव्हा ते शोकात्मिकेच्या बरंच जवळ जातं.

याच ओघात 'हॅमार्शिया', म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मते नायकाला संकटात लोटणारी त्याची चूक. त्याला 'स्वभावदोष' म्हणायची सवय सोडा. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणं, त्यामुळे 'प्रमाद' जास्त जवळचा. 'एकच प्याला' (1919) शिकवताना 'दारू हा सुधाकराचा दोष' असं उत्तर लिहिलं जातं; ते चूक आहे. दारू हा परिणाम. वकिलीची सनद तात्पुरती रद्द झाल्याने दुखावलेला मानी माणूस तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो, तो 'एकच' राहील असा हिशेब करून. तो हिशेब चुकतो, तोच प्रमाद. आणि नाटकाचं नावच त्यावर बोट ठेवतं.

दौत: सहमत. फक्त 'उत्तररामचरिता'बाबत थोडं थांबा: सीतात्याग हा रामाचा निर्णयच आहे, आणि तिसऱ्या अंकात त्याची टोचणी सतत जाणवते. 'प्रमाद' म्हणावा का, हा प्रश्न तिथे खुला ठेवू.

रंगपट: 'कॅथार्सिस'ला, म्हणजे ट्रॅजेडी पाहताना करुणा आणि भीती यांचा जो निचरा होतो त्याला, विरेचन म्हणणं योग्य?

पिंपळपान: वैद्यकीय अर्थाने अगदी नेमकं, आयुर्वेदातही विरेचन म्हणजे शोधनच. पण ग्रीक शब्दाला धार्मिक शुद्धीचाही अर्थ आहे. तो अभिप्रेत असेल तिथे 'शुद्धीकरण' लिहा.