दूध-भाकरीनं भागणार नाही

एका ताईंनी विचारलंय की जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीला दोन टाइम दूध-भाकरी देतोय, पुरेल का. नाही पुरत हो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या होटगी रोडच्या गल्लीत एक काळी व्याली, सहा पिल्लं, आम्ही पण हेच करत होतो आणि आठ-दहा दिवसात तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. पाजणारीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, तेपण एकदम नाही, दिवसातनं चारदा थोडं थोडं. मग आम्ही भातात हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, अंडं, आणि पपी फूड (पिल्लांसाठीचं तयार खाणं) भिजवून द्यायला लागलो, ते आईला पण चालतं बरं का. कांदा-लसणाचं कालवण नको, शेंगाचटणी लावलेली भाकरी तर नकोच (आमच्या आजीनं प्रेमानं दिली होती!). आणि पाणी, सोलापूरचं ऊन माहितेय ना, पसरट भांडं तिच्या तोंडाशीच ठेवा, पिल्लं सोडून ती लांब जातच नाही.

पिल्लांना गाईचं दूध वरनं पाजू नका, जुलाब लागतात. एखादं गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, दूध नंतर, गार पोटात पचत नाही.

अजून एक, आई एकसारखी धापा टाकून थरथरायला लागली, पाय ताठ झाले तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, सकाळची वाट न बघता रिक्षात घालून डॉक्टरकडे न्या. आणि आधीपासनं स्वतःच्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका, त्यानं उलट हाच त्रास व्हायची शक्यता वाढते.