सर, काकांना खोटं कसं म्हणू?

फळा_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवतो. गेल्या मंगळवारी पालकांच्या ग्रुपवर पडलं, 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय, पांढरी व्हॅन.' बुधवारी पटावरच्या ३१ पैकी १४ पोरं हजर. गणित बाजूला ठेवून त्यावरच बोललो. खात्री करा, मगच पुढे पाठवा वगैरे. पोरांनी माना डोलावल्या. मग एक मुलगी उठली, "सर, आमच्या घरी हा काकांनी टाकला. काकांना खोटं कसं म्हणू?"
मी गप्प. घंटा झाली म्हणून सुटलो. तुम्ही काय सांगता पोरांना?

साक्रीची_बाई
मी साक्री तालुक्यातली, त्यामुळे हा विषय सोपा करून सांगता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले पाच जण. अशाच अफवेवरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीत कोंडून ठार मारलं. मी वर्गात त्याचे व्हिडिओ दाखवत नाही. ते लोक एवढ्या लांब कशासाठी आले होते, तेवढंच विचारते. "पोटासाठी" असं पोरंच म्हणतात.

जुना_मास्तर
त्या वर्षी फिरलेली एक क्लिप आठवते? मोटारसायकलवरचे दोघं गल्लीतून पोरगं उचलतात. ती कराचीतल्या एका जनजागृती फिल्ममधली. मूळ फिल्ममध्ये ते परत येतात, पोराला खाली सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. आपल्याकडे शेवट कापून आली. मी आधी कापलेली दाखवतो, मग पूर्ण. दुसऱ्यांदा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.
राहिले काका. 'खोटं' हा शब्दच नको. "काका, हे कुठल्या गावचं? कुणाचं पोरगं?" एवढंच विचारायचं. आणि मेसेजवर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलाय, हेही दाखवायचं. आमचे काका तरी चिडलेच, दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. ते धरून चालायचं.

साक्रीची_बाई
फळा_खडू, राग मानू नका. तुम्ही स्वतः तो मेसेज कुठे पाठवला नव्हता ना?

फळा_खडू
बाई, नेमकं दुखरं बोट धरलंत. मंगळवारी रात्रीच बहिणीला पाठवला होता. तिची मुलगी पहिलीत आहे, हात थांबला नाही.
आज वर्गात तेच सांगून सुरुवात केली. आधी हशा, मग शांतता. मग "आमच्या आईनेपण", "मीपण दोन ग्रुपवर". नऊ हात वर. मागच्या बुधवारी एकही नव्हता. काकांचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. तीच मुलगी पुन्हा उठली, "सर, मग बहिणीला कळवलं का, की ते तसं नव्हतं?"
नव्हतं कळवलं. मधल्या सुट्टीत फोन केला.
तिने तोवर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.