मदत हवी आहे : यंत्रांनी स्वतः निवडलेला नेता कुठल्या ॲनिमेत आहे?
मंडळी, एक विज्ञानकथा लिहितोय, नेत्यापाशी अडलीये. १९७३ च्या 'कॅशान' या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेत प्रदूषण निपटायला बनवलेला बीके-१ हा यंत्रमानव वीज पडल्यावर बिथरतो, यंत्रमानवांची फौज उभारतो आणि माणसांवरच उठतो. झकास खलनायक, पण त्या फौजेचं मत कुणी विचारलंय का! १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' चित्रपटातला पपेट मास्टर हा संगणक प्रोग्राम स्वतःला सजीव म्हणवत राजकीय आश्रय मागतो. मला तो जास्त पटतो, पण बिचारा एकटाच. यंत्रं आपसात भांडतात, नेता निवडतात, प्रसंगी त्याला खाली खेचतात, असं काही कुणी पाहिलंय? जुनंही चालेल, सबटायटल्स असली की झालं. शेवट मात्र फोडू नका.